पूजेला बसवलेला हात

झिंडेलफिंगेनच्या मराठी मंडळींत कुणालाही विचारलं की देवदत्त वानखडे काय करतो, तर निम्मे सांगत, गाड्यांच्या सस्पेन्शनचं डिझाइन करतो. उरलेले निम्मे हसून सांगत, चेंडू फेकतो. दोन्ही खरं होतं. आठवड्याचे निम्मे दिवस तो इंजिनिअर होता आणि निम्मे दिवस शेजारच्या गावातल्या बेसबॉल क्लबचा पगारी पिचर. मराठी माणसाने जर्मनीत येऊन अमेरिकन खेळाची नोकरी करावी, हे दिवाळीच्या फराळाला जमणाऱ्या ज्येष्ठांच्या पचनी पडत नसे. "त्यापेक्षा क्रिकेट खेळायचं ना," असं ते म्हणत. जसं काही क्रिकेटवाल्यांसाठी इथे कुणी पायघड्या घातल्या होत्या.

अमरावतीच्या माणसाला मात्र यात नवल वाटलं नसतं. तिकडे शाळाशाळांतून सॉफ्टबॉल, बेसबॉल खेळतात आणि पोरं जिल्ह्यापासून राज्यापर्यंत जातात. देवदत्तने पहिला चेंडू फेकला तो घराच्या गच्चीवर, आणि तो झेलायला समोर बसली होती त्याची आई. सुरेखाबाई पाटावर बसायच्या. मागे दोरीवर गोधडी टांगलेली, हातात कुणाचा तरी जुना विकेटकीपरचा ग्लव्ह. चेंडू झेलणारा कॅचर जशी पिचरला खूण करतो तशी त्या बोटांनी खूण करायच्या: एक बोट म्हणजे सरळ, दोन म्हणजे वळवून. पोराने मान हलवून नाही म्हटलं की त्या चेंडू परत द्यायच्याच नाहीत. चेंडू पदरात घेऊन खाली कुकर लावायला निघून जायच्या. त्यामुळे देवदत्त नाही म्हणायला कधी शिकलाच नाही, आणि हे शमिकाने लग्नानंतर पहिल्या महिन्यातच ओळखलं होतं.

शाळा झाली, विद्यापीठाचा संघ झाला, राज्याचा झाला. मास्टर्ससाठी तो स्टुटगार्टला आला तेव्हा बॅगेत ग्लव्ह होता तो केवळ आईने घातला म्हणून. एका रविवारी क्लबच्या कुंपणापाशी उभा राहून तो सराव बघत होता. ट्रेनरने विचारलं, फेकतोस का? त्याने फेकला. पुढच्या आठवड्यात त्याच्या नावाची जर्सी शिवून आली, आडनावात एक अक्षर चुकवून. पुढे क्लबने करार केला आणि कंपनीने टाइलत्साइट, म्हणजे अर्धवेळ काम, मान्य केलं.

तो कधीच मोठा खेळाडू नव्हता, हे सांगून टाकलेलं बरं. कामाचा पिचर होता. संघ अडचणीत असला की त्याला माउंडवर, पिचरच्या उंचवट्यावर, पाठवायचे, आणि तो गपगुमान ओझं ओढायचा. पस्तिशी आली, खांदा कुरकुरू लागला. ट्रेनर दर हिवाळ्यात "अजून एक वर्ष बघू" म्हणायचा.

शमिका पुण्याची. सॉफ्टवेअर टेस्टर, म्हणजे दोष काढणं हा तिचा पोटापाण्याचा धंदा. सासूबाईंचाही तोच होता, फक्त त्यांना त्याचा पगार नव्हता. सुरेखाबाई दोनदा तीन-तीन महिने राहून गेल्या. आमटी ताटात पडली की एक घास घ्यायच्या, काही न बोलता मिठाच्या बरणीत हात घालायच्या आणि चिमूटभर मीठ सगळ्यांच्या वाट्यांत टाकायच्या. बाहेर निघताना शमिकाच्या जॅकेटची चेन हनुवटीपर्यंत खसकन ओढायच्या, लहान मुलीची ओढावी तशी. त्या चेनचा शमिकाला भयंकर राग यायचा. चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे, असं मनात घोकत तिने ते सहा महिने काढले.

ज्या वर्षाची ही गोष्ट आहे त्या वर्षी नवरात्र लवकर आलं होतं आणि पावसामुळे लीगची फायनल लांबली होती. दोन्हींची गाठ पडली खंडेनवमीला. खंडेनवमीला घरातली हत्यारं पूजतात, ज्याचं पोट ज्यावर चालतं ते. शमिकाने पाटावर दोन लॅपटॉप, गाडीची किल्ली, विळी नव्हती म्हणून भाजीची सुरी, आणि देवदत्तचा ग्लव्ह मांडला. गार्टनसेंटरमधून आणलेल्या कुंडीतला झेंडू खुडला. अमरावतीहून व्हिडिओवर सासूबाई होत्या, मोबाइल सासऱ्यांनी, विलासरावांनी धरला होता.

सगळ्यांना हळदकुंकू वाहून झालं तेव्हा सुरेखाबाई म्हणाल्या, "आता त्याच्या हाताला लाव."

"हाताला?" शमिकाला हसू आलं. "आई, हात कुठे हत्यार आहे?"

"मग काय ग्लव्ह आहे? ग्लव्ह दुकानात मिळतो. उजवा हात पाटावर ठेव रे. शमिका, तू लाव. माझ्या वतीने लाव, असं म्हण."

शमिकाने म्हटलं. मनगटाला हळद, कुंकू, वर अक्षता. सात वर्षांची अन्वी खिदळत होती. देवदत्त म्हणाला, "पण आई, पूजेला ठेवलेली वस्तू आज वापरायची नसते ना? मला दुपारी फायनल आहे."

सुरेखाबाईंनी पडद्याजवळ येऊन तो हात नीट बघितला. मग म्हणाल्या, "तू फेक. बाकीचं मी बघते."

या वाक्याकडे तेव्हा कुणी लक्ष दिलं नाही. उद्या दसऱ्याला उत्तरपूजा करायची, अक्षता टाकून वस्तू जागची जराशी हलवायची आणि मग वापरायला घ्यायची, हे शमिकाला माहीत होतं. तिने गजर लावून ठेवला.

फायनल जिंकली. शेवटच्या इनिंगला देवदत्तने तिघांना ओळीने बाद केलं. त्याच्यावर बिअर ओतत लोक नाचत होते तेव्हा शमिकाच्या पर्समध्ये फोन वाजत होता. विलासराव होते. मोबाइलवर मॅच बघताबघता सुरेखाबाई खुर्चीतच गेल्या होत्या.

तिघं मिळेल त्या विमानाने अमरावतीला गेले. सुतकात पूजा नसते, त्यामुळे दसऱ्याचा गजर विमानतळावर वाजला आणि शमिकाने तो बंद केला. स्मशानात एक निखारा देवदत्तच्या उजव्या मनगटावर पडला. तो बाजूला करायला शमिका पुढे झाली, पण देवदत्त तसाच उभा होता, त्याला कळलंच नव्हतं. दुःखात होतं असं कधीकधी, असं सगळे म्हणाले. परत आल्यावर शमिकाने पाटावरचा वाळका झेंडू बिओम्युलच्या, ओल्या कचऱ्याच्या, डब्यात टाकला, सुरी ड्रॉवरमध्ये ठेवली, लॅपटॉप उचलले. हाताचं कुणाच्याच लक्षात राहिलं नाही.

सुरुवात मिठापासून झाली.

नोव्हेंबरातला रविवार होता, भर दुपार. देवदत्त डाव्या हातात मोबाइल धरून बातम्या वाचत जेवत होता. त्याचा उजवा हात ताटावरून उठला, मिठाच्या बरणीत गेला, आणि चिमूट आधी शमिकाच्या वाटीत, मग अन्वीच्या, मग त्याच्या स्वतःच्या वाटीत टाकून परत पोळीवर येऊन बसला. देवदत्तची नजर मोबाइलवरून हलली नव्हती.

"कमी होतं का मीठ?" शमिकाने विचारलं.

"कशात?" तो म्हणाला.

टेस्टर बाईचा एक नियम असतो: गोष्ट एकदा घडली तर योगायोग, पुन्हा घडवून आणता आली तर दोष. दुसऱ्या दिवशी तिने आमटीत मुद्दाम मीठ बरोबर घातलं. हात उठला नाही. तिसऱ्या दिवशी कमी घातलं. हात उठला. देवदत्तने तोपर्यंत आमटी चाखलीही नव्हती. शमिकाने चमचा खाली ठेवला आणि जेवण पुरं न करताच ती उठली.

मग तिला सगळं दिसू लागलं. तो सोफ्यावर बसला की त्या हाताचा अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर फिरत, वाती वळताना फिरतात तशी. एकदा तिने त्याच्या शेजारी कापसाचं पाकीट उघडं ठेवलं आणि बाल्कनीतले कपडे काढायला गेली. परत आली तर त्याच्या मांडीवर फुलवातींचा छोटा ढीग होता, आणि तो फुटबॉल बघत होता. देवदत्तला आयुष्यात वात वळता आली नव्हती. हात गार असे, हीटर चालू असला तरी. मनगटावर हळदीचा एक पिवळट डाग होता, तो कुठल्याच साबणाने जाईना. अन्वी रस्त्यावर बापाचा उजवा हात धरेनाशी झाली. "नाइन, पापा, दी आन्डरे," म्हणून ती दुसऱ्या बाजूला जायची, तिला दुसरा हात हवा असायचा. आणि झोपताना नेमका तोच उजवा मागायची. त्या हाताने थोपटल्याखेरीज तिला झोप येत नसे. दोन हलके, एक जोराचा, अशी ती लय होती. अशी थोपटणारी बाई शमिकाने एकच बघितली होती.

सासू घरात आली तर सून निदान भांडू तरी शकते. नवऱ्याच्या हातात आलेल्या सासूशी कसं भांडायचं? शमिका हे मैत्रिणीला, ईप्सिताला सांगायला गेली आणि निम्म्यात स्वतःच थांबली, कारण ऐकतानाच ईप्सिताचा चेहरा हसू की नको असा झाला होता.

"देव, तुझा हात काहीतरी वेगळा वागतोय," एकदा तिने सरळ विचारलं. "तुला कळतं का?"

तो हाताकडे बघत राहिला. "कळतं," तो हळूच म्हणाला. "बरं वाटतं गं. आई गेली तेव्हा मी इथे बिअरमध्ये नाहत होतो. आता निदान जवळ आहे."

 

एप्रिलमध्ये सीझन सुरू झाला. देवदत्त नेहमी खांद्यावरून फेकायचा, बहुतेक पिचर फेकतात तसा. पहिल्या मॅचला चेंडू हातातून सुटला तो खांद्याच्या खालून. मे महिन्यात छातीच्या रेषेतून. जून उजाडेपर्यंत हात कमरेच्या खाली आला होता, बोटं जवळजवळ माती खरवडून वर येत आणि चेंडू जमिनीतून उगवल्यासारखा बॅटरसमोर उभा राहायचा. तसं फेकणं नियमात बसतं, पण कुणी ते पस्तिशीत शिकत नाही. चेंडू सोडण्याआधी हात एकदा मांडीवर फटकन आपटायचा. समोरच्या संघांना चेंडू दिसेचना. क्लब गुणतक्त्यात वर चढला. गावच्या बातमीपत्रात देवदत्तचा फोटो आला, आणि दिवाळीच्या फराळातले ज्येष्ठ आता "आमचा देवदत्त" म्हणू लागले.

टोबियास त्याचा कॅचर. सुतारकाम करणारा आडदांड माणूस, कशालाही न घाबरणारा. जूनमधल्या एका मॅचनंतर मैदानातच शमिकाला गाठून तो म्हणाला, "आल्झो, तुला एक विचारू? मी एक बोट दाखवतो, तो मान हलवून हो म्हणतो, आणि येतो दुसराच चेंडू. मी म्हटलं, मला फसवतोस काय? तो म्हणाला, मी तर तू सांगितलास तोच फेकत होतो."

"मग?"

"मग काय. आता मी खूण करतच नाही. चेंडू येतो तो घेतो." टोबियासने ग्लव्ह काखेत धरला. "झेलताना मला कधीकधी वाटतं की तिकडे दुसरंच कुणी उभं आहे. डोळे मिटले ना, तर एखादी बाई असं वाटेल. कोमिश, नाही?" विचित्र आहे खरं, असं म्हणून तो हसला, पण त्याचे डोळे हसत नव्हते.

खरी भीती शमिकाला जुलैमध्ये बसली. देवदत्त पास्ता गाळत होता. उकळतं पाणी त्याच्या उजव्या हातावर सांडलं आणि तो तसाच गाळत राहिला. कातडी लाल होऊन वर आली तरी त्याला पत्ता नव्हता. तिने हट्टाने हाउसआर्त्स्टकडून, नेहमीच्या डॉक्टरकडून, चिठ्ठी घेतली, स्पेशालिस्टची वेळ, म्हणजे टेर्मिन, मिळवला. स्कॅन बघून डॉक्टर बाईंनी चष्मा काढला. कोपराचा मुख्य बंध जेमतेम धाग्यावर होता. इतकं फाटलेलं असताना माणूस केस विंचरू शकत नाही, त्या म्हणाल्या, तुम्ही फेकताच कसे? दुखत नाही?

"अजिबात नाही," देवदत्त म्हणाला, आणि त्याला त्याचा अभिमान वाटत होता.

"मग मला जास्त काळजी वाटते. असंच चाललं तर हा हात तुमच्या कामाचा राहणार नाही. कुठल्याच."

घरी येताना शमिका गाडी चालवत होती. शेजारी तो उजवा हात त्याच्या मांडीवर पडला होता आणि बोटं वाती वळत होती. तिला रडू फुटलं. तिला हात हवा होता, देवदत्तचा. भाजल्यावर चटका बसणारा, तिच्या पाठीवरून फिरताना गरम लागणारा.

संध्याकाळी तिने विलासरावांना फोन लावला आणि पहिल्यांदा सगळं सांगितलं, मिठापासून. म्हातारा हसेल किंवा रागावेल असं तिला वाटलं होतं. 

"मांडीवर हात आपटतो म्हणालीस?" त्यांनी विचारलं.

"हो बाबा. फेकायच्या आधी."

"ती तशीच आपटायची." विलासराव म्हणाले. "तुम्हाला कुणालाच माहीत नाही. सुरेखा पिचर होती, कॉलेजात. सॉफ्टबॉलमध्ये खालूनच फेकतात. राज्याच्या संघात निवड झाली होती तिची. कॅम्प आणि आमच्या लग्नाची तारीख एकच आली. तिच्या घरचे म्हणत होते लग्न पुढे ढकलू. नको, मीच म्हणालो. आता कशाला ते, म्हणालो. त्यानंतर तिने त्या खेळाचं नाव काढलं नाही. पोराला मात्र गच्चीवर घेऊन गेली."

"बाबा..."

"गेली तेव्हा तिच्या उजव्या हाताची मूठ वळलेली होती, शमिका. चेंडू धरावा तशी. आम्हाला उघडता आली नाही. तसंच न्यावं लागलं."

 शेजारच्या खोलीतून थोपटण्याचा आवाज येत होता, दोन हलके, एक जोराचा.

"उत्तरपूजा राहिली गं," विलासराव म्हणाले. "ज्याने बसवली त्याने उठवायची असते. तिने तुझ्या हातून बसवली, म्हणजे तुलाच उठवावी लागणार. पुढच्या नवमीच्या आत उठव. एकावर दुसरी बसली तर मग कुणाच्या हातात राहणार नाही."

देवदत्तला हे सांगितल्यावर तो आयुष्यात पहिल्यांदा नाही म्हणाला.

"आईला जा म्हणू? मी?" तो पांढराफटक पडला होता. "तू म्हणशील. तुझं तिच्याशी कधी पटलंच नाही. ती माझ्यासाठी राहिलीये, शमिका. मला शेवटचा सीझन मिळावा म्हणून. आणि हात काय, हात गेला तर गेला."

"आणि अन्वीला काय सांगू? पापाचा हात आजीने नेला?"

तो उठून गेला. पुढचे कित्येक आठवडे ते दोघं भाजी, शाळा आणि गाडीच्या टायरांखेरीज कशावरही बोलले नाहीत. हात मात्र नेमाने आमटीत मीठ घालत होता. नवरा-बायको कसलं मौन पाळतात याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं.

सप्टेंबर संपत आला. सीझनची शेवटची मॅच घरच्या मैदानावर होती, शनिवारी दुपारी. नवरात्र त्यापाठोपाठ बसणार होतं. सकाळी देवदत्त बुटांच्या नाड्या बांधत होता, डाव्या हाताने, कारण उजवा आता असल्या कामाला येतच नसे. शमिका त्याच्यासमोर जमिनीवर बसली आणि विलासरावांनी तिला जे सांगितलं होतं, पण भांडणात सांगायचं राहून गेलं होतं, ते तिने सांगितलं. निवड, कॅम्प, लग्नाची तारीख, वळलेली मूठ.

देवदत्तच्या हातातून नाडी सुटली. "आई पिचर होती?"

"हो."

"मला कधी बोलली नाही." तो उजव्या हाताकडे बघू लागला, ओळख नसलेल्या माणसाकडे बघावं तसा.  "म्हणजे ती माझ्यासाठी नव्हती आली," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा लहान पोरासारखा झाला. "तिची स्वतःची मॅच राहिली होती."

"दोन्हीसाठी आली असेल," शमिका म्हणाली. तिला ते पटलं होतं की नाही कुणास ठाऊक, पण त्या क्षणी तिला सासूचा राग आला नव्हता. लग्नाच्या तारखेपायी हातातला चेंडू ठेवून आलेली एक मुलगी तिला दिसत होती. "आज खेळू दे त्यांना. शेवटपर्यंत. ट्रेनरने बदलायचं म्हटलं तरी तू माउंडवरून उतरू नकोस. मग मी उठवते."

त्याने मान हलवली. ती होकाराची होती.

त्या मॅचबद्दल क्लबमधले लोक अजून बोलतात, पण आवाज खाली आणून. देवदत्तने पहिल्यापासून शेवटपर्यंत फेकलं. एकालाही चेंडू धड लागला नाही. सुरुवातीला टाळ्या पडल्या. मग हळूहळू प्रेक्षक गप्प झाले, का ते त्यांनाही सांगता आलं नसतं. ग्रिलवरचा माणूस सॉसेज उलटायचं विसरला. मांडीवरची फटकन थाप आणि टोबियासच्या ग्लव्हमधला धप्प आवाज, एवढंच ऐकू येत होतं. समोरचे बॅटर माउंडकडे न बघता जमिनीकडे बघत यायचे. देवदत्तचे डोळे अर्धवट मिटलेले होते. तो नंतर म्हणाला, मी फक्त उभा होतो. शमिका कठड्याला धरून उभी होती. सुरेखाबाई खेळताना कशा दिसल्या असतील हे तिला आता दिसत होतं. फार सुंदर खेळत होत्या त्या. आपल्या सासूला ती पहिल्यांदाच बघत होती, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

शेवटचा बॅटर बाद झाला तेव्हा कुणी ओरडलं नाही. टोबियासने मास्क काढून माउंडच्या दिशेने मान लववली आणि बाकीच्यांना घेऊन तो आत निघून गेला. अन्वी ईप्सिताजवळ होती. शमिका डब्यातल्या अक्षता घेऊन मैदानात उतरली. ऊन अजून होतं, पण वारा गार सुटला होता.

देवदत्तने हात पुढे केला.  ऊन असूनही बर्फासारखा गार होता. शमिकाने मनगटावरच्या पिवळ्या डागावर अक्षता टाकल्या. "आई, तुमच्या वतीने बसवली होती," ती म्हणाली, "आता मीच उठवते." गणपतीच्या वेळी म्हणतात ते उत्तरपूजेचे शब्द ती म्हणू लागली आणि शेवटच्या दोन शब्दांपाशी अडली. पुनरागमनाय च. पुन्हा येण्यासाठी. ते म्हणायचे की नाही हे तिने ठरवलंच नव्हतं. घरातून गेलेल्या सासूला परत या म्हणायला काही तिची जीभ रेटेना.

देवदत्त तिच्याकडे बघत होता. 

तेवढ्यात तो हात उठला. देवदत्तने उचलला नाही, ते त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. हात शमिकाच्या पोटापाशी आला.  गार बोटांनी जॅकेटच्या चेनचं टोक चाचपलं, धरलं, आणि खसकन हनुवटीपर्यंत ओढलं.

"पुनरागमनाय च," शमिका म्हणाली. तिने तो हात दोन्ही हातांत घेतला आणि जागचा जरासा हलवला.

हात तिच्या हातात जड झाला. मग गरम झाला. देवदत्त एकदम गुडघ्यांवर कोसळला आणि कोपर पोटाशी धरून ओरडला. सबंध सीझनचं, निखाऱ्याचं, उकळत्या पाण्याचं, सगळं त्याला एकदम भोगावं लागत होतं. टोबियास धावत बाहेर आला.

"दुखतंय," देवदत्त रडत म्हणत होता. "शमिका, खूप दुखतंय गं."

"दुखू दे," ती म्हणाली आणि त्याला घट्ट धरून तिथेच मातीत बसली.

ऑपरेशन झालं. देवदत्तने त्यानंतर चेंडू फेकला नाही. आता तो पूर्ण वेळ कारखान्यात जातो, आणि शनिवारी क्लबच्या लहान मुलींना शिकवतो, डाव्या हाताने. नवमीला शमिकाने पाट मांडला, लॅपटॉप ठेवले, सुरी ठेवली. प्लास्टरमधला हात देवदत्तने स्वतःच मागे घेतला.

जेवायला बसल्यावर शमिकाने आमटी चाखली. मीठ कमी होतं. ती थोडा वेळ थांबली, समोरच्या हाताकडे बघत. तो हलला नाही. मग तिने स्वतःच बरणी ओढली आणि सगळ्यांच्या वाट्यांत चिमूटभर टाकलं.